पाव मिलिमीटर

पिस्टनच्या रिंगेतून पाहिलं की समोरची बोडी बांगडीएवढी होते. प्रविण सकाळी साडेसातपासून तेवढंच करत होता. रिंग उजव्या डोळ्यासमोर धरायची, डावा मिटायचा, आणि त्या चकचकीत गोलात धुकं, त्या छोट्या तळ्याचं पाणी, पाण्याकाठचा एक बगळा आणि मागची धान कापलेली खाचरं, म्हणजे बांध्या, असं सगळं नीट बसवायचं. रिंग एका जागी तुटलेली असते. ती तशी असावीच लागते. बगळा चालत चालत त्या फटीपाशी आला की प्रविण श्वास रोखून धरी. त्याला वाटे, आता हा रिंगेच्या बाहेर पडणार. बगळा फटीपाशी थांबे, थोडा विचार करी आणि माघारी वळे.

"इंजन बांधून राह्यला का बगळे मोजून राह्यला?" मागून त्याचे वडील जागेश्वर यांनी विचारलं.

"गॅप पाहून राहिलो, बाबा."

हे खोटं नव्हतं.

प्रविणचं गॅरेज मोहाडीपासून सहा किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला, स्वतःच्याच घराच्या छपरीत होतं. तिथे गावाच्या मोटरसायकली दुरुस्त होत आणि उरलेल्या वेळात त्याची स्वतःची मोटरसायकल नादुरुस्त होई. होती ती साधी शंभर सीसीची. पण तिच्यातून आरसे, मडगार्ड, हॉर्न, सीटचा मागचा अर्धा भाग, असं जे जे सुखाचं होतं ते त्याने काढून टाकलं होतं. उरलं होतं ते इंजिन, आणि इंजिन सांडू नये म्हणून त्याच्याभोवती थोडी मोटरसायकल.

दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच. रात्री दंडार, म्हणजे गावचं नाच-गाण्याचं नाटक, होते, आणि त्याआधी दुपारी मोकळ्या बांध्यांतून आणि बोडीच्या मातीच्या पाळीवरून मोटरसायकलींची दौड. तीन फेऱ्या. मागच्या वर्षी दुसऱ्या फेरीत प्रविण सगळ्यांच्या पुढे होता, आणि तेवढ्यात इंजिन आतल्या आत जाम झालं. मोटरसायकल जागच्या जागी थांबली. प्रविण थांबला नाही. पुढे दोघांनाही बैलगाडीत घालून घरी आणावं लागलं, आणि बैलांनी वाटेत नेमकं गल्लीतल्या रुपाच्या दारासमोर थांबून विश्रांती घेतली.

कारण एवढंच, की रिंगेची फट कमी पडली. रिंग सिलिंडरात बसवताना तिच्या दोन टोकांमध्ये थोडी जागा सोडावी लागते, पंगतीत दोन पाहुण्यांमध्ये सोडतात तशी. बसताना सगळे मावतात. जेवता जेवता माणूस फुगतो. इंजिन तापलं की रिंगही फुगते. जागा नसली तर तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात, आणि मग पंगतीतून कुणीच उठत नाही. मागच्या वर्षी प्रविणने ही जागा अंदाजाने सोडली होती. या वर्षी तो मोजून सोडणार होता. पाव मिलिमीटर. कमी नाही, जास्त नाही.

मोजून सोडण्याला आणखी एक कारण होतं. शेतातल्या हिरव्या धानाकडे बोट दाखवून जागेश्वर यांनी पोळ्यालाच सांगून ठेवलं होतं, "यंदा तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या, तं इंजन तुझं. मी हात लावणार नाही. नाही झाल्या, तं दुसऱ्या दिवसापासून हे इंजन माह्या पंख्याले."

पंखा म्हणजे धानातला कोंडा उडवायचा, पुरुषभर उंचीचा लोखंडी पंखा. त्याची मोटर जळाली होती, आणि गेले तीन महिने तो छपरीच्या कोपऱ्यात उभा राहून इंजिनाकडे पाहत होता.

मंडई उद्यावर आली होती.

प्रविणने बगळ्याला सोडलं आणि पेटीतून मापाच्या पत्त्यांचा संच काढला. खिशातल्या चाकूसारखा दिसणारा, पण उघडला की पुस्तकासारखा पसरणारा. तेरा पोलादी पत्त्या, प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली. पहिली पाच शतांश मिलिमीटरची, कागदाहून पातळ, आणि शेवटची पुऱ्या एक मिलिमीटरची. त्याने पुस्तक उघडलं. पुस्तक चाळीस शतांशपासून सुरू होत होतं. आधीची सहा पानं नव्हती.

त्याने पुस्तक मिटलं आणि परत उघडलं. कधी कधी असं केल्याने फरक पडतो. पडला नाही.

"माय," तो म्हणाला, "माह्या पत्त्या कोणं घेतल्या?"

त्याची आई निर्मलाबाई उन्हात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. त्यांचे हात बिड्या वळत आणि डोळे दुसरी कामं करत. आत्ता डोळे रस्त्यावरून जाणाऱ्या बकऱ्या कुणाच्या ते पाहत होते. हातांनी तेंदूच्या पत्त्यावर जर्दा टाकला, पत्ता गुंडाळला, आणि एका बारीक चकचकीत पोलादी पट्टीने बिडीचं तोंड आत मोडून बंद केलं. प्रविण ते बघत राहिला. फार सुरेख दिसत होतं. पट्टीवर ऊन पडायचं, बिडी मिटायची, ऊन उडायचं. अशा चार बिड्या मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पोलादी पट्टी बघतो आहोत.

"कोनत्या पत्त्या? त्या लोखंडी पुस्तकातल्या?" निर्मलाबाई म्हणाल्या. "त्या मी वाटल्या ना मोहल्ल्यात. पोळ्याच्या पहिले. बाया तोंड मोडाले खिळा वापरत होत्या, पत्ते फाटत होते, ठेकेदार निम्म्या बिड्या छाटून वापस देत होता. आता पाय, कसे तोंडं येऊन राह्यले. मशीननं मोडल्यासारखे."

"माय, ते इंजनाचं माप होय वो!"

"तुह्या पुस्तकात तेरा होत्या. जाड्या जाड्या तुले ठेवल्या, पातळ पातळ घेतल्या. मी का लोभी आहो?"

पाव मिलिमीटर, म्हणजे पंचवीस शतांश, पातळमध्ये येत होता. प्रविणने आईच्या हातातली पट्टी काढून घेतली. "हे तं दे पहिले."

"हे?" निर्मलाबाईंचे हात पहिल्यांदाच थांबले. "हे कायले पाहिजे तुले?"

"लागते."

"बरं. मंग सांजवेळेले वापस आणजो. तिच्याबिगर माहा हात चालत नाही."

दुसरा कुठला मार्ग नव्हता. तुमसरातली आणि मोहाडीतली स्पेअरची दुकानं दिवाळीच्या सुट्टीत होती. मित्र प्रफुल्ल मोहाडीला आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायचा, त्याच्याकडे असल्या पत्त्यांची तीन पुस्तकं होती. पण ती आयटीआयच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली प्रफुल्लच्या खिशात होती, आणि खिसा नागपूरला एका प्रशिक्षणात बसला होता. तो उद्या थेट मंडईत येणार होता, कारण दौडीच्या माईकवर दर वर्षी तोच बोलायचा.

प्रविण गल्लीत शिरला.

पहिलं घर सत्यभामाकाकूंचं. पट्टी मागितल्यावर त्या हसल्या. गाईने दूध परत मागितल्यावर माणूस हसेल तसं.

"देतो ना. काहून नाही देणार? पण माहा मिक्सर गरगर करते अन् फिरत नाही. तेवढा पाहून दे."

मिक्सरच्या खालचा, भांडं फिरवणारा रबरी घोडा झिजला होता. प्रविणने जुन्या टायरचा तुकडा कापून नवा घोडा केला. मिक्सर फिरला. इतका फिरला की झाकण उडून देवळीतल्या गजाननाला लागलं. सत्यभामाकाकूंनी गजाननाला नमस्कार केला आणि पट्टी दिली. तिच्यावरचा आकडा त्यांनी राखेने घासून साफ केला होता. "खराब दिसत होता, बापा. कोणं तरी वरबाडून ठेवलं होतं."

पुढच्या घरच्या भावनाने आपली पट्टी लाल दोऱ्यात ओवून, घराच्या किल्लीसोबत गळ्यात घातली होती. किल्ली सोडता येत नव्हती, कारण गाठ तिच्या नवऱ्याने मारली होती आणि नवरा शेतावर होता. प्रविण शेतावर गेला. नवऱ्याने सांगितलं, गाठ सोडतो, पण आधी हा पंप दोन दिवसांपासून पाणी सोडून हवा सोडते, त्याचं काहीतरी कर. प्रविणने पंपाचं काहीतरी केलं. परत येईपर्यंत धुकं गेलं होतं आणि ऊन कौलांवर चढलं होतं.

नत्थूच्या बायकोने पट्टीने दुधाचं करपलेलं पातेलं खरवडून खरवडून पट्टीचं टोक गोल केलं होतं. तिने पट्टी लगेच दिली. मात्र तिच्या बदल्यात दुसरं काहीतरी खरवडायला हवं म्हणून प्रविणचा चांगला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून घेतला.

श्रावणच्या घरी दोन सुना होत्या आणि दोघींकडे एकेक पट्टी होती. थोरली म्हणाली, धाकटीनं दिली तर देते. धाकटी म्हणाली, थोरलीनं दिली तर देते. दोघींचं खूप दिवसांनी एका गोष्टीवर एकमत झालं, याचा श्रावणला एवढा आनंद झाला की तो चहा ठेवायला सांगून स्वतःच ओसरीत येऊन बसला. प्रविण अर्धा तास मधोमध बसून दोन्ही हात दोन्हीकडे पसरून होता. शेवटी श्रावणने "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोन्ही पट्ट्या एकदम हातात पडल्या. दोन्हींवरचे आकडे गेले होते. दोघी एकाच दगडावर धार लावत असत.

उरली रुपा. तिच्या आईला दिलेली पट्टी रुपाने पळवली होती. ती उंबऱ्यावर तलाठी भरतीचं जाड पुस्तक घेऊन बसली होती आणि पट्टी पुस्तकात खुणेला होती.

"पत्ती पाहिजे," प्रविण म्हणाला.

"काहून?"

"रिंगेची गॅप मोजायची आहे."

"मोजली नाही तं?"

"मंग मागल्या वर्षीसारखं होते."

रुपाने पान नंबर मनात घेतला आणि पट्टी काढून दिली. "यंदा बैलं सांगून ठेवले का?"

"नाही."

"मंग ठेवजो. आमच्या दारासमोर थांबवाचे असले तं पहिले सांगजो. मागल्या वर्षी मी केस धुवाले गेली होती, मले काहीच पाहाले भेटलं नाही."

प्रविण परत निघाला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत होते की नाही हे त्याला नीट आठवत नाही. खिशातल्या पट्ट्या चालताना किणकिणत होत्या. केस धुवायला. म्हणजे तिने बैलगाडी पाहिलीच नव्हती. एक वर्ष तो त्या बैलांकडे रागाने पाहत आला होता. वाटेत त्याला ते दोघे शेताच्या धुऱ्यावर चरताना दिसले. त्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. बैलांनीही हलवली. हे सगळं चालू असल्यामुळे पट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

चार वाजता त्याने सगळ्या पट्ट्या वर्तमानपत्रावर मांडल्या. तीन महिन्यांच्या वापराने एकीवरही आकडा उरला नव्हता. राखेने घासलेली, दोऱ्यात ओवलेली, खरवडलेली, दगडावर धार लावलेली, पुस्तकात दाबलेली. सगळ्या सारख्याच चकचकीत. यातली एक पाव मिलिमीटर होती, आणि ती गप्प होती.

कानस हातात घेऊन प्रविण बसला. सिलिंडरात रिंग टाकायची, पिस्टन उलटा धरून तिला सपाट बसवायचं, फटीत पट्टी सरकवून पाहायची. गेली नाही तर रिंग काढायची, तिच्या टोकावरून कानस दोनदा फिरवायची आणि परत टाकून पाहायची. सोपं काम. फक्त घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. आणि रिंगांचा दुसरा जोड घरात नव्हता.

"माय," त्याने हाक मारली. "तुले पत्ता हाताले लागला का समजते ना, जाड आहे का पातळ?"

"तीस वर्षं झाले. डोये मिटून सांगतो."

"मंग मले यातली बरोबर कोणती, ते सांग. दोन पत्ते एकावर एक ठेवले, का जेवढे होते ना, तेवढी पाहिजे."

निर्मलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. खरंच डोळे मिटले. एकेक पट्टी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून, जणू कुणाची नाडी पाहावी तशी पाहिली. अंगणात एवढी शांतता झाली की कोपऱ्यात रचलेल्या धानाच्या पुंजण्यात उंदीर हलल्याचा आवाज आला. जागेश्वरसुद्धा खाटेवर उठून बसले. शेवटी निर्मलाबाईंनी एक पट्टी उचलली. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"हे," त्या म्हणाल्या. "याच्यासारखी दुसरी नाही."

प्रविणने घासायला सुरुवात केली. कानशीचा आवाज बारीक होता, दूर कुठेतरी टिटवी ओरडावी तसा. दोन हात फिरवायचे, टाकून पाहायचं. दोन हात, टाकून पाहायचं. उन्हात लोखंडाची धूळ उडे आणि सोनेरी दिसे. पट्टी जात नव्हती. मग जरा गेली. मग आणखी. सूर्य बोडीच्या पलीकडच्या मोहाच्या झाडांमध्ये उतरला तेव्हा पट्टी फटीत अशी अलगद सरकली, जशी बिडीचं तोंड मोडताना सरकते. दिवेलागणीला इंजिन बांधून झालं. प्रविणने किक मारली. इंजिन एका किकमध्ये सुरू झालं आणि त्यातून थोडा पांढरा धूर आला. त्याला तो संध्याकाळच्या धुक्यातला वाटला.

दुसऱ्या दिवशी मंडईला गाव लोटलं होतं. बांध्यांच्या कडेने चिवड्याची, फुग्यांची, बांगड्यांची दुकानं. दंडारीचे कलाकार पिंपळाखाली तोंडाला रंग लावत होते. मंडई कमिटीचे अध्यक्ष भय्याजी खुर्चीवर बसून शिट्टी तपासत होते. प्रफुल्ल नागपूरहून थेट माईकपाशी पोचला होता. "जय भीम, राम राम, सर्वायले नमस्कार! दौडीत यंदा नऊ गाड्या आहेत. तुमसरचा भुपेंद्र आलेला आहे. आपला प्रविणबी आलेला आहे. बैलवाल्यायनं कृपया गावाबाहेर जाऊ नये."

जागेश्वर बोडीच्या पाळीवर, एकदम पलीकडच्या टोकाला, एकटेच बसले. त्यांच्या हातात धानाच्या काड्या होत्या. फेऱ्या ते स्वतः मोजणार होते, धान मोजतात तशा. धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक फेरी, एक काडी. दुसऱ्या कुणाच्या मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता.

शिट्टी वाजली. नऊ गाड्या सुटल्या. पहिल्या वळणापर्यंत प्रविण चौथा होता. पहिल्या वळणावर इंजिन तापलं, आणि फटीतून वर चढलेलं तेल जळायला लागलं.

"हे सुटल्या गाड्या!" माईकवर प्रफुल्ल. "पुढं भुपेंद्र, मांगं... मांगं धूर आहे. धूर भुपेंद्रच्या मांगं आहे. धूर आता तिसऱ्या नंबरवर आला. धुरात कोणी आहे का? आहे, आवाज येऊन राह्यला. भाऊ-बहिणींनो, धूर पाळीवर चढला."

मागच्या गाड्या धुरात शिरल्या आणि एकेक करून शेजारच्या बांध्यांमध्ये बाहेर पडल्या. एक थेट चिवड्याच्या दुकानापर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण चालवणाऱ्याला भूक लागली होती. धूर वाढतच होता. पांढरा, थोडा निळसर, पहाटेच्या बोडीसारखा. वारा नव्हता. पहिली फेरी झाली तोवर सगळी बांधी, पाळ आणि पिंपळाचा बुंधा दिसेनासा झाला होता. दंडारीचा राजा अर्धी मिशी रंगवून तसाच उभा राहिला.

"मले आता काही दिसत नाही," प्रफुल्लने प्रामाणिकपणे जाहीर केलं. "पण दौड चालू आहे. कानानं पाहा."

आत, धुराच्या मधोमध, प्रविणला खूप बरं वाटत होतं. बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. समोर फक्त हातभर वाट, आणि ती वळेल तसं तो वळे. इंजिनाचा आवाज एकसारखा, घाई नाही, तक्रार नाही. मागच्या वर्षी याच जागी ते किंचाळलं होतं. आता ते आतल्या आत गुणगुणत होतं. बोडीवरून जाताना धूर जरा विरे आणि गोल फट पडे, त्यातून पाणी दिसे, पाण्याकाठचा बगळा दिसे. मग परत पांढरं. तो बगळ्याकडे पाही, बगळा त्याच्याकडे. आपण किती फेऱ्या मारल्या हे विचारायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर भुपेंद्र केव्हाच जिंकला होता. त्याला हार घातला गेला, फोटो निघाला, फोटोत फक्त हार आला. दंडारीचा ढोलकीवाला हात गरम करू लागला. आणि पांढरा ढग मंडईभोवती फिरतच होता.

"थांबवा बे त्याले!" भय्याजी ओरडले.

"कुठं थांबवू?" शिट्टीवाला म्हणाला.

शेवटी पेट्रोल संपलं. ढग बोडीच्या पाळीवर हळूहळू बसला, आणि त्यातून प्रविण बाहेर आला. मोटरसायकल ढकलत, काळ्या तोंडाने, झोपेतून उठल्यासारखा. गर्दीने वाट करून दिली.

"तीन झाल्या का?" त्याने विचारलं.

भय्याजींनी वही उघडली, मिटली. "हे पाय गा, प्रविण. आमाले कोणाले काही दिसलं नाही. दिसलं नाही तं तीन झाल्या म्हणून लिहू कसं?"

प्रविणने माईककडे पाहिलं. प्रफुल्लने मान खाली घातली. गर्दीत रुपा उभी होती. या वेळी ती केस धुवायला गेलेली नव्हती, पण दिसलं तिलाही काही नव्हतं. मग सगळ्यांच्या माना पाळीच्या टोकाकडे वळल्या. तिथून जागेश्वर येत होते. धूर त्यांच्याजवळून, अगदी हाताच्या अंतरावरून जात होता. पाहिलं होतं ते एकट्या त्यांनी. आणि घरी पंखा उभा होता.

जागेश्वर आले. मुठीतल्या काड्या त्यांनी भय्याजींच्या टेबलावर एकेक करून ठेवल्या.

"लाभ. दोन. तीन." इथे ते थांबले. प्रविणने डोळे मिटून घेतले. "चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. अकरा."

"दौड तीनची होती," भय्याजी म्हणाले.

"हाव. मंग आठ वरच्या."

घरी जाताना बाप-लेक मोटरसायकल ढकलत होते. पिंपळ आला. मग जागेश्वर म्हणाले, "अकरा फेऱ्या. अन् कुठं अडकलं नाही."

"नाही, बाबा. पाव मिलिमीटर होता ना."

"एक खंडी धान उडवाले किती वेळ लागन याले?"

प्रविण थांबला. "बाबा, तुमी शब्द देल्ला होता. तीन फेऱ्या झाल्या तं इंजन माहं."

"मी कुठं नाही म्हणलो? तीनचा शब्द आहे, तो पाळतो. त्या तीन तुह्या." जागेश्वरांनी हँडल नीट धरलं. "बाकीच्या आठाचं आपलं काही बोलणं झालं नव्हतं."

प्रविणने यावर पिंपळापासून घरापर्यंत विचार केला. त्याला हिशोबात चूक सापडली नाही. ठरलं असं, की दर अकरा दिवसांतले तीन दिवस इंजिन दौडीचं आणि आठ दिवस पंख्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पंख्याला लागलं. पंखा तीन महिन्यांचं उभं राहणं एकदम विसरला. कोंडा बोडीपर्यंत उडाला. धान सोन्यासारखं खाली पडू लागलं, आणि छपरीच्या बाजूने पांढरा धूर हळूहळू आभाळात गेला. दुपारी जागेश्वरांच्या लक्षात आलं की श्रावणकडेही ट्रॅक्टरवर धान उडवणं चालू आहे. त्यांनी दोन्हीकडची पोती मोजली. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"प्रविण!" ते ओरडले. "श्रावण दोन पोत्यानं पुढं आहे! वाढव थोडं!"

छपरीत प्रफुल्ल आयटीआयमधून आपलं मायक्रोमीटर घेऊन आला होता. एवढा धूर पाव मिलिमीटरला येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. दोघांनी पट्ट्या एकेक करून मोजल्या आणि संचात परत बसवल्या. पाच शतांश, दहा, पंधरा, वीस. पाचवी बरोबर पंचवीस निघाली. तिच्या कडेला छपाईच्या शाईचा बारीक डाग होता, म्हणजे ती रुपाच्या पुस्तकातली होती. सहावी तीस. पुस्तक पूर्ण झालं. तेरा पानं.

प्रविणच्या हातात एक पट्टी उरली होती. ज्या पट्टीने रिंग घासली, ती.

प्रफुल्लने तीही मोजली. "एका टोकाले तीस," तो म्हणाला. "मधात पंचेचाळीस. दुसऱ्या टोकाले काय आहे ते माहं यंत्र सांगाले तयार नाही. कुठून आणली बे हे?"

"ते माही होय," बाहेर उन्हातून निर्मलाबाई म्हणाल्या. "माह्या आईनं देल्ली होती, लग्नात. घड्याळाची कमान कापून केली होती तिनं. कवापासून वापस मागून राह्यली मी. परवा सांजवेळचा करार होता."

"माय! मंग परवा तू हेच कशी उचलली?"

"तुनंच इचारलं बरोबर कोणती." निर्मलाबाईंनी हात पुढे केला. "बिडीले हेच बरोबर आहे. बाकीच्या सहाबी मी वापरून पाहिल्या होत्या, म्हणून तं वाटून टाकल्या."

प्रविणने पट्टी त्यांच्या हातात दिली. हात ताबडतोब चालू लागले.

तेवढ्यात रस्त्यावर एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत मोटरसायकल होती, हँडलला कोमेजलेला हार होता आणि हाराशेजारी भुपेंद्र बसला होता. काल जिंकून तुमसरला जाताना अर्ध्या वाटेत त्याचं इंजिन जाम झालं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. सकाळपासून अखंड गुणगुणत असलेल्या इंजिनाकडे खूप वेळ पाहिलं.

"रिंगेची गॅप चुकली बे माही," तो हळूच म्हणाला. "तू किती ठेवली?"

प्रविण आणि प्रफुल्ल एकमेकांकडे पाहू लागले. आकडा सांगता येईल असा नव्हता. प्रविणने आईकडे बोट दाखवलं.

भुपेंद्र दौडीसाठी जवळ ठेवलेली नवी रिंग घेऊन निर्मलाबाईंसमोर उकिडवा बसला. "काकू, जरा ते पत्ती..."

"हा बिड्याचा कट्टा होऊ दे," निर्मलाबाई बकऱ्यांकडे पाहत म्हणाल्या. "बस तवरिक. चहा घेशीन का?"

भुपेंद्र बसला. प्रविणने त्याच्या हातातली रिंग सहज घेतली आणि डोळ्यासमोर धरली. बोडी बांगडीएवढी झाली. पाणी, कापलेल्या बांध्या, पंख्याचा पांढरा धूर, आणि काठाने डोक्यावर पुस्तक धरून कुठेतरी निघालेली रुपा, सगळं नीट बसलं. बगळा चालत चालत फटीपाशी आला. थांबला. थोडा विचार केला. मग पंख उघडले आणि फटीतून सरळ बाहेर निघून गेला.

प्रविणने रिंग खाली केली. ही घासायची गरज नव्हती. फट पुरेशी होती.